ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकांतून संशोधनाचा विषय कसा शोधावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतले एम.लिब.चे विद्यार्थी, 'पेट' (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) पास होऊन सिनॉप्सिसपाशी, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यापाशी, अडलेले संशोधक आणि कॉलेजची लायब्ररी सांभाळून पीएच.डी. करणारे ग्रंथपाल यांच्याकडून वर्षानुवर्षं येणारे हे प्रश्न आहेत. उत्तरांत माझी मतंही आली आहेत. ती पटली नाहीत तर आपल्या गाइडशी जरूर बोला.

मॅडम, एखादा चांगला विषय सुचवाल का?

सुचवता येईल, पण दुसऱ्याने दिलेल्या विषयावर तीन-चार वर्षं टिकून राहणं फार जड जातं. आधी एक कागद घ्या आणि आपल्या ग्रंथालयात रोज दिसणाऱ्या पण न उलगडलेल्या गोष्टी त्यावर लिहा. अभ्यासिकेत बसायला जागा नसते आणि देवघेवीचा काउंटर मात्र मोकळा असतो, असं का? ओपॅक (संगणकावरची ग्रंथसूची) समोर असताना वाचक थेट कपाटाकडे किंवा शिपायाकडे का जातो? दिवाळी अंकांसाठी सभासद नंबर लावतात, पण उन्हाळ्यानंतर त्याच अंकांचं पुढे काय होतं?

असा कागद जवळ असला की नियतकालिक वेगळं वाचलं जातं. प्रश्न मनात नसेल तर नजर फक्त शीर्षकांवरून फिरते, त्यांतलं एक आवडतं, आणि जिल्ह्याचं किंवा कॉलेजचं नाव बदलून तोच निबंध पुन्हा लिहिला जातो. आपल्या विषयात असं खूप झालं आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. असे अभ्यास करणाऱ्यांकडे खरे प्रश्न होते, पण ते त्यांना कुणी विचारलेच नाहीत.

कोणती नियतकालिकं वाचायची?

भारतातली दोन आधी घ्या, कारण दोन्ही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. पहिलं 'ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज'. ते १९५४ पासून निघतं आणि आता निस्पर या सरकारी विज्ञानसंस्थेच्या ऑनलाइन भांडारात आहे. दुसरं 'डेसिडॉक जर्नल ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी'. त्यानंतर बंगळुरूच्या शारदा रंगनाथन एन्डाउमेंटचं एसआरईएलएस जर्नल (आता त्याचं नाव 'जर्नल ऑफ इन्फर्मेशन अँड नॉलेज') आणि कोलकात्याचं आयएएसएलआयसी बुलेटिन.

बाहेरच्यांपैकी 'कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज' मोफत आहे, आणि कॉलेज ग्रंथपालाला ते सर्वांत जवळचं वाटतं. 'जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन' १९४५ पासूनचं आहे. सिद्धान्ताची आवड असेल तर तिथे जावं. 'एव्हिडन्स बेस्ड लायब्ररी अँड इन्फर्मेशन प्रॅक्टिस' हे नाव मात्र लिहूनच ठेवा. त्यात दुसऱ्यांच्या शोधनिबंधांची चिकित्सा छापली जाते: नमुना कसा निवडला, निष्कर्ष खरोखर पुराव्यातून निघतो का, कुठे कमी पडलं. निबंध कसा तपासायचा हे शिकायला आणि प्रश्न सापडायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

यादी लांबवू नका. सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की एखाद्या विषयावरच्या लेखांचा मोठा वाटा थोड्याच नियतकालिकांत एकवटलेला असतो आणि उरलेला असंख्य नियतकालिकांत विखुरलेला असतो. प्राध्यापकपदासाठीच्या 'नेट' परीक्षेसाठी आपण हा नियम पाठ करतो, पण स्वतःच्या वाचनाला तो लावत नाही.

अंक वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

एक नियतकालिक निवडा आणि त्याचे मागच्या दोन-तीन वर्षांचे सगळे अंक ओळीने बघा. डेटाबेसमध्ये शब्द टाकून शोधलं की त्या शब्दाशी जुळणारंच समोर येतं. अंक ओळीने चाळताना आपल्याला नावही ठाऊक नसलेले प्रश्न भेटतात. मार्शिया बेट्स यांनी १९८९ मध्ये माणसं प्रत्यक्षात माहिती कशी शोधतात याचं जे वर्णन केलं, त्यात नियतकालिकाचे अंक सलग चाळणं ही एक स्वतंत्र रीत म्हणून येते. शिवाय तळटिपांमागे जाणं, एखाद्या निबंधाचा पुढे कुणी संदर्भ दिला ते पाहणं, एकाच लेखकाचं सगळं वाचणं आणि शेल्फवर आजूबाजूची पुस्तकं पाहणं. बेट्स म्हणतात की या वाटेवर प्रश्न स्वतःच बदलत जातो. त्यामुळे आपला प्रश्न बदलला म्हणून घाबरू नका.

सारांश वाचून झाल्यावर पन्नासेक निबंधांतले दहा-बारा निवडा आणि ते पूर्ण वाचा. प्रत्येकासाठी वहीत किंवा एक्सेलमध्ये एक ओळ करा: प्रश्न काय होता, कुणाला विचारलं, कसं विचारलं, कुठे विचारलं, आणि कुणाला विचारलंच नाही. हा शेवटचा रकाना सर्वांत जास्त कामाचा. ग्रंथालयाच्या वापरावरच्या निबंधात नमुना बहुधा ग्रंथालयात आलेल्या वाचकांचाच असतो. न येणारा माणूस त्यात सापडणारच नाही. अनुदानित कॉलेजातला रात्रपाळी करून शिकणारा मुलगा दुपारी वाटलेल्या प्रश्नावलीत येत नाही. हा रकाना दहा-बारा ओळी भरला की तुमचा स्वतःचा प्रश्न डोकं वर काढतो.

संशोधनपद्धतीचा भाग कंटाळवाणा म्हणून ओलांडू नका. मी तर निष्कर्षाआधी तोच वाचते.

निबंधाच्या शेवटी 'पुढील संशोधनासाठी सूचना' असतात. त्यांतलीच एक घेतली तर?

घेता येते, पण सावधपणे. 'हाच अभ्यास इतर जिल्ह्यांत व्हावा' अशी सूचना बऱ्याचदा औपचारिकता म्हणून लिहिलेली असते. त्याऐवजी मर्यादांचा परिच्छेद आणि चर्चेचा भाग वाचा. 'असं का झालं हे या माहितीवरून सांगता येत नाही' अशा अर्थाचं वाक्य सापडलं की तिथे थांबा. लेखकाला स्वतःलाच तिथे कोडं पडलेलं असतं. आणि सूचना जुनी असेल तर मधल्या काळात ते काम कुणी केलं का, हे गूगल स्कॉलरवर त्या निबंधाखालच्या 'सायटेड बाय'मध्ये आधी पाहा.

गाइड म्हणतात 'गॅप दाखवा'. 'यावर आधी कुणी काम केलं नाही' एवढं पुरेसं आहे का?

नाही. कुणी केलं नाही याचं कारण त्याची कुणाला गरज नव्हती, असंही असू शकतं. आरएसीसमोर (विद्यापीठाच्या संशोधन सल्लागार समितीसमोर) टिकेल अशी पोकळी वेगळी दिसते.

दोन चांगल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात, ही पहिली खूण. एखादी गोष्ट प्रत्येकाने फक्त प्रश्नावलीनेच मोजली आहे, ही दुसरी. 'तुम्ही ई-जर्नल किती वेळा वापरता?' या प्रश्नाला माणूस आठवून, थोडं वाढवून उत्तर देतो. सर्व्हरच्या नोंदी आणि देवघेवीचे आकडे काही वेगळंच सांगत असतील. आपल्याकडे कोहा, सोल, ई-ग्रंथालय अशा ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालींमध्ये वर्षानुवर्षांच्या नोंदी साठल्या आहेत आणि त्यांच्याकडे संशोधनाच्या नजरेने फार कमी पाहिलं जातं. सभासदाची ओळख काढून टाकूनच त्या वापरायच्या, आणि लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

तिसरी खूण मोजपट्टीची. ग्रंथालयसेवेचा दर्जा मोजायला लिबक्वाल नावाचं साधन वापरतात. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० च्या सुमारास ते सर्व्हक्वालवरून विकसित केलं आणि सर्व्हक्वाल ही १९८८ ची, किरकोळ विक्री व सेवा व्यवसायांसाठी बनलेली पट्टी. वाचकाची किमान अपेक्षा, मनातली इच्छा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतलं अंतर त्यात मोजतात. आता हीच प्रश्नावली मराठीत करून सार्वजनिक वाचनालयातल्या ज्येष्ठ सभासदाला दिली, तर 'किमान' आणि 'इच्छित' हा फरक त्यांना तसाच जाणवेल का? साधन इथे लागू पडतं की नाही, हे तपासणं हाच एक भक्कम प्रबंध होऊ शकतो.

परदेशी नियतकालिकांतले विषय आपल्याकडे लागू पडतात का?

जसेच्या तसे क्वचितच. पण या प्रश्नातच विषयांची खाण आहे.

डॉन स्वॉन्सन यांचं उदाहरण देते. १९८६ मध्ये त्यांनी दोन वैद्यकीय वाङ्मयं शेजारी ठेवली. एकात माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो असं लिहिलेलं होतं. दुसऱ्यात रेनॉड आजाराच्या (यात बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो) रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं असं होतं. दोन्ही गटांचे लेखक एकमेकांचे संदर्भ देतच नव्हते. माशाचं तेल या रुग्णांना उपयोगी पडेल हा अंदाज स्वॉन्सन यांनी नुसत्या वाचनातून मांडला आणि पुढे रुग्णांवरच्या चाचणीतही त्याला आधार मिळाला. छापलेल्या पण एकमेकांशी न जोडलेल्या ज्ञानातून नवं काही निघतं, हे माहितीशास्त्रातल्या माणसाने दाखवलं याचा मला फार अभिमान वाटतो.

आपण तेच लहान प्रमाणावर करू शकतो. 'जागा म्हणून ग्रंथालय' या कल्पनेवर पाश्चात्त्य नियतकालिकांत भरपूर लेखन आहे. घर आणि कामाचं ठिकाण सोडून माणसं जिथे सहज जमतात त्या 'तिसऱ्या जागे'ची रे ओल्डेनबर्ग यांची कल्पना त्यात पुन्हा पुन्हा येते. आता लालबाग-परळमधली किंवा धारावीतली अभ्यासिका आठवा. एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात, म्हणून एमपीएससीची तयारी करणारी मुलगी सकाळी स्वतःची पुस्तकं घेऊन येते आणि दिवसभर तिथेच बसते. ती ग्रंथालयाचं एकही पुस्तक घेत नाही. देवघेवीच्या आकड्यांत ती नाही, वार्षिक अहवालात तिची नोंद 'उपस्थिती' एवढीच. तिथली शांतता म्हणजे गप्पांची तिसरी जागा तर नाहीच. मग तिच्यासाठी ही जागा काय आहे, आणि ग्रंथालयाने तिला काय देऊ केलं तर ती घेईल? हे दोन प्रवाह जोडले की प्रश्न मुंबईचा राहतो आणि उत्तरात जगातल्या वाचकालाही रस वाटतो.

जोडताना पाया मात्र तपासा. अमेरिकेतलं सार्वजनिक ग्रंथालय बहुतेक ठिकाणी स्थानिक करावर चालतं. आपल्याकडे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय कर नाही. संस्था ग्रंथालयं चालवतात आणि अ, ब, क, ड वर्गानुसार शासनाचं अनुदान मिळतं. कर्मचारी किती, वेळ काय, नवी पुस्तकं किती, या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

मराठीशी जोडलेले विषय घ्यावेत का? संदर्भसाहित्य मिळेल?

जरूर घ्यावेत. थेट तुमच्या विषयावर मिळणार नाही, पण शेजारच्या भाषांवर आणि तंत्रावर मिळेल.

ओपॅकचंच पाहा. पु. ल. देशपांडे यांची पुस्तकं एका ग्रंथालयात देवनागरीत, दुसऱ्यात रोमन लिपीत, कुठे 'पु. ल.', कुठे 'पुरुषोत्तम लक्ष्मण' अशी नोंदलेली असतात. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जुनं आणि नवं लेखन यांमुळे शोध फसतो. अरबी, चिनी, बंगाली तालिकीकरणावरचे (पुस्तकांच्या सूची-नोंदींवरचे) निबंध वाचा आणि तीच कसोटी मुंबईतल्या चार-पाच ग्रंथालयांच्या नोंदींना लावून बघा. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. त्याखाली दलित आत्मकथनं, लोकसाहित्य, बालवाङ्मय कसं विभागलं जातं आणि वाचक ते कुठे शोधतो, हाही प्रश्न आहे.

मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो दिवाळी अंकांचा प्रश्न. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. त्यानंतरच्या शतकभरात किती कथा, मुलाखती, दीर्घ लेख या अंकांतच छापले गेले आणि तिथेच राहिले! ग्रंथालयं दिवाळी अंक योजना चालवतात, अंक फिरून फाटतात, काही ठिकाणी नंतर रद्दीत जातात. कोणता लेख कोणत्या अंकात आहे हे सांगणारी सूची क्वचितच असते. सूची कशी करावी, कोण करील, एकाच अंकाचं जतन किती ग्रंथालयांनी करावं, यावर नियतकालिक-व्यवस्थापन आणि सामायिक जतन या दोन्ही अंगांचं विदेशी वाङ्मय उपयोगी पडतं. साहित्यासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय ही दोन्ही एकोणिसाव्या शतकातली ग्रंथालयं गाठा.

दमट हवेचाही विषय आहे. जतनावरचं बरंचसं लेखन नियंत्रित तापमान आणि आर्द्रता गृहीत धरून चालतं. आपल्याकडच्या अनेक जुन्या वाचनालयांत पावसाळ्यात खिडक्या आणि पंखे एवढंच असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या ग्रंथालयांनी त्यानंतर काय बदललं, हे विचारायला अजूनही उशीर झालेला नाही.

'ई-रिसोर्सेसचा वापर व जाणीव' किंवा एखाद्या नियतकालिकाचं बिब्लिओमेट्रिक (लेख आणि संदर्भ मोजणारं) विश्लेषण घेतलं तर चालेल?

नियमाने चालेल. पण असे अभ्यास शेकड्याने झालेले आहेत आणि आणखी एका कॉलेजची टक्केवारी वाचून कुणाचाही निर्णय बदलत नाही. बिब्लिओमेट्रिक्सचं तंत्र मात्र उत्तम आहे. व्हीओएसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये विषयांचा नकाशा काढा, कोणते विषय एकत्र येतात आणि कोणते तुटक उभे आहेत ते पाहा, आणि त्या तुटक जागेतून प्रश्न उचला. नकाशा हा तुमच्या आढाव्याचा भाग असू द्या, प्रबंधाचा शेवट नको.

माझा विषय आधी झालेला आहे का, हे कसं पाहायचं?

इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या शोधगंगा संकेतस्थळावर पूर्ण प्रबंध मिळतात आणि शोधगंगोत्रीवर चालू संशोधनाचे सिनॉप्सिस. शीर्षकात एकच शब्द टाकून थांबू नका. 'वाचनालय', 'सार्वजनिक ग्रंथालय', इंग्रजी शीर्षक, जिल्ह्याचं नाव, स्पेलिंगचे प्रकार असं सगळं फिरवा. विषय झालेला दिसला तर तो प्रबंध पूर्ण वाचा. बहुतेकदा विषय झालेला असतो, तुमचा प्रश्न झालेला नसतो.

वाचत जाते तसा गोंधळ वाढतोय. माझं चुकतंय का?

मुळीच नाही, आणि हे सांत्वन म्हणून सांगत नाही. कॅरोल कुल्थाऊ यांनी विद्यार्थ्यांच्या शोधप्रक्रियेचा दीर्घ अभ्यास करून १९९१ मध्ये सहा टप्पे मांडले. विषय निवडल्यावर थोडा हुरूप येतो आणि चाचपणीच्या टप्प्यात, म्हणजे वाचनाला सुरुवात झाल्यावर, अनिश्चितता व शंका पुन्हा वाढतात. नेमका प्रश्न आकाराला आला की आत्मविश्वास परततो. बरेच जण या मधल्या टप्प्यातच विषय बदलतात आणि पुन्हा पहिल्यापासून त्याच गोंधळात येतात. थोडं थांबा, रोज वाचलेल्यावर पाच ओळी लिहा, आणि गाइडला पूर्ण सिनॉप्सिसऐवजी हा अर्धवट विचार दाखवा.

पूर्ण निबंध उघडायला पैसे मागतात. काय करू?

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत, पण ती शासकीय उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. मुंबई विद्यापीठाचे किंवा एसएनडीटीचे नोंदणीकृत संशोधक असाल तर आपल्या ग्रंथालयात लॉगिनबद्दल विचारा. कालिन्याच्या विद्यानगरीतलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि देवनारचं टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) ग्रंथालय प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासारखं आहे. बाहेरच्यांसाठीचे नियम आधी फोनवर विचारून घ्या. लिस्टा हा आपल्या विषयाचा डेटाबेस सारांशांसाठी मोफत आहे. लेखकाला ईमेल पाठवला तर अनेक जण आनंदाने प्रत पाठवतात.

चॅटजीपीटीला विषय विचारला तर?

शब्द सुचवायला, आपला प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने मांडून बघायला हरकत नाही. पण त्याने दिलेले संदर्भ अस्तित्वातच नसू शकतात. प्रत्येक संदर्भ क्रॉसरेफवर (निबंधांच्या डीओआय क्रमांकांच्या नोंदवहीत) किंवा नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर उघडून पाहा. न उघडलेला संदर्भ ग्रंथपालाने आपल्या यादीत घालणं मला तरी मान्य नाही.

यूजीसी केअर यादी बंद झाली. आता भरवशाचं नियतकालिक कसं ओळखायचं?

केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी. २०१९ मध्ये सुरू झालेली ती यादी यूजीसीने थांबवली आणि जबाबदारी संस्थांकडे दिली. त्यामुळे आता स्वतः पाहावं लागतं. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, जुने अंक उघडतात का, डीओएजेत (मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांच्या सूचीत) नोंद आहे का, आणि चार दिवसांत 'स्वीकृत' म्हणून पत्र येतं का. चार दिवसांत आलं तर तिथे निबंध देऊ नका, आणि तिथल्या निबंधांवर आपला प्रश्नही उभा करू नका.

पीएच.डी. सादर करण्याआधी निबंध छापणं सक्तीचं आहे का?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत ही अट नाही. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र विभागात विचारून घ्या.

दोन प्रश्न उरले आहेत, दोन्ही आवडतात. कोणता घेऊ?

ज्याची माहिती तुमच्या हाती येऊ शकते तो. आधी परवानगी बघा: संस्था नोंदी दाखवतील का, सभासद बोलतील का, कार्यवाहांची लेखी संमती मिळेल का. मुंबईत वेळेचाही हिशोब करा. बोरिवलीहून मुलुंड, मुलुंडहून कुलाबा अशा वीस ग्रंथालयांना नोकरी सांभाळून जाता येणार नाही. एकाच वॉर्डातली सहा ग्रंथालयं नीट पाहिली तर अभ्यास जास्त खोल होतो आणि परीक्षकही ते मान्य करतात, फक्त निवडीचं कारण स्पष्ट लिहा.

मग दोन्ही प्रश्नांसाठी चार-पाच वाचकांशी अर्धा-अर्धा तास बोला. ज्या प्रश्नावर लोक तुमची प्रश्नावली बाजूला सारून स्वतःहून बोलू लागतात तो घ्या, आणि त्यांचे शब्द त्याच दिवशी घरी जाऊन उतरवून काढा. प्रश्नावलीचा पुढचा मसुदा त्याच शब्दांत करायचा आहे.